नव्या ठासणीच्या बंदुकीची पारख

‘बार भरणें’, ‘बार उडणें’, ‘फुसका बार’ हे शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यांत सहज वापरतों. ज्या वस्तूच्या सहवासांत ते रुळले, ती वस्तु मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांनीं हातीं घेतली असेल. ती वस्तु म्हणजे ठासणीची बंदूक. हिच्यांत दारू आणि गोळी हीं दोन्ही नळीच्या तोंडाकडून घालावयाचीं आणि गजानें बुडापर्यंत ठासावयाचीं. कोंकणांत रानडुकरांपासून शेताचें रक्षण करण्यासाठीं परवान्यानें बाळगलेली अशी बंदूक कांहीं घरांतून अजूनही दिसते. परंतु आज मला सांगावयाचें आहे तें तिच्या एका दूरच्या बहिणीविषयीं, म्हणजे अमेरिकेंत हौशी कारागीर हातानें घडवितात त्या लांब नळीच्या रायफलीविषयीं. आणि त्यांतही, ती घडून पुरी झाल्यावर चांदमारीच्या मैदानावर तिची पारख कशी करतात, एवढ्याच गोष्टीविषयीं.

या रायफलीचें माहेर पेनसिल्व्हानिया प्रांत. अठराव्या शतकांत लँकेस्टरच्या परिसरांत जर्मन लोहार व बंदूक-कारागीर येऊन वसले. त्यांच्या मायदेशीं शिकारीसाठीं आंखूड व जाड नळीची रायफल वापरीत. नव्या देशांत तिची नळी लांबत लांबत चाळीस इंचांच्या पलीकडे गेली, तिचें तोंड लहान झालें, आणि दस्त्यासाठीं तेथील मेपल वृक्षाचें लहरदार रेषांचें लांकूड आलें. पुढें मागून भरावयाच्या काडतुसी बंदुका निघाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही विद्या मागें पडली. ती अगदींच बुडाली नाहीं, याचें श्रेय कांहीं हौशी मंडळींना आहे. १९३३ सालीं अमेरिकेंत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. इंडियाना प्रांतांतील फ्रेंडशिप नांवाच्या लहानशा गांवीं तिचें मैदान आहे. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर या कारागिरानें जुन्या पद्धतीनें, कच्च्या लोखंडापासून नळी घडवून, संपूर्ण रायफल हातानें तयार केली. तिचा बोलपट १९६९ सालीं निघाला व त्यानें अनेकांना या कामाकडे ओढलें.

असा कारागीर संध्याकाळच्या फुरसतींत कित्येक महिने खपून बंदूक पुरी करतो. लांकूड कोरून झालें, पितळ चकाकलें, घोडा ‘खट्’ करून पडूं लागला, कीं त्याला वाटतें, काम संपलें. जाणते लोक म्हणतात, काम आतां कोठें अर्ध्यावर आलें. या नळीला किती दारू मानवते, कोणत्या जाडीची चिंधी लागते, माशी किती उंच हवी, हें कारागिरालाही अगोदर ठाऊक नसतें. एकाच हातानें घडलेल्या दोन नळ्यासुद्धां सारख्या वागत नाहींत. हीं उत्तरें मैदानावर, एकेक बार काढूनच मिळवावीं लागतात. आणि तीं मिळविण्याची जी शिस्त आहे ती मोडली, तर कधीं चांगली नळी उगीच बदनाम होते, आणि कधीं माणसाच्या डोळ्यावर किंवा हातावर बेततें.

ही शिस्त समजण्यासाठीं नळीच्या आंत काय आहे तें प्रथम पाहूं. रायफलीच्या नळीला आंतून मळसूत्राप्रमाणें वळत जाणाऱ्या खाचा असतात. दोन खाचांमध्यें जो उंचवटा राहतो त्याला आपण कंगोरा म्हणूं. गोल गोळीसाठीं केलेल्या नळींत हें वळण अगदीं संथ असतें. अठ्ठेचाळीस ते सत्तर इंचांत एक फेरा. या खाचांमुळें गोळीला स्वतःभोंवतीं नेमकी फिरकी मिळते. सपाट नळींतून निघणारी गोळी नळीच्या अंगाला कशीही घासते, तिला भलतीच फिरकी मिळते, आणि त्यामुळें ती हवेंत वांकडी जाते, हें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें दाखवून दिलें. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १७४७ सालीं त्यानें खाचांच्या नळीचे गुण रॉयल सोसायटीपुढें मांडले. पुढें हा विद्वान ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्यांत वारला.

आतां एक अडचण पाहा. गोळीनें खाचा धरावयाच्या तर ती नळींत घट्ट बसली पाहिजे. आणि ती तोंडाकडून घालावयाची तर सैल असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधतात त्या एका साध्या चिंधीनें. अर्धा इंच तोंडाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नळीसाठीं सुमारें १२.४५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी घेतात. तिच्याभोंवतीं घट्ट विणीच्या सुती कापडाची, सुमारें ०.३८ मिलिमीटर जाडीची, वंगण लावलेली चिंधी गुंडाळतात. गोळी आणि नळी यांच्यांतील फट एका बाजूला जेमतेम आठवा भाग मिलिमीटर. तींत त्याच्या तिप्पट जाडीचें कापड शिरतें. अर्थात् तें दाबलें जाऊन खाचांत बसतें. खाचा धरते ती चिंधी, आणि चिंधी आपल्या मिठींतल्या गोळीला फिरविते. बंदुकीच्या पारखींत या फाटक्या तुकड्याला इतकें महत्त्व कां, हें यावरून ध्यानांत येईल.

मैदानावर जाण्यापूर्वीं घरीं करावयाचीं कामें थोडीं पण महत्त्वाचीं आहेत. नव्या नळींत गंज येऊं नये म्हणून तेल लावलेलें असतें; तें पुसून काढावें, नाहीं तर तेंच पहिल्या बाराची दारू भिजवितें. मग गज रिकाम्या नळींत बुडापर्यंत सोडून तोंडाशीं त्यावर खूण करावी. ही खूण म्हणजे नळी रिकामी असल्याचा पुरावा. पुढें ठरलेली दारू व गोळी भरल्यावर दुसरी खूण करतात. ती म्हणजे गोळी दारूवर नीट टेकल्याचा पुरावा. या दोन खुणांनीं किती अपघात टाळले असतील, याची गणती नाहीं. कारण गोळी दारूवर न टेकतां मध्येंच अडकली असेल, तर ती नळींत मारलेल्या बुचासारखी होते. आणि अशा स्थितींत बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते.

चकमकीची बंदूक असेल तर ठिणगीचीही परीक्षा घरींच घ्यावी. घोड्याच्या जबड्यांत गारगोटी चामड्याच्या तुकड्यांत धरून आंवळलेली असते. ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासत खालीं आली कीं ठिणग्या वाटींत पडल्या पाहिजेत. पट्टीचें पोलाद मऊ राहिलें असेल तर ठिणग्या मंद पडतात, आणि मग दोष गारगोटीचा नसून पोलादाला दिलेल्या पाण्याचा असतो. वाटीशेजारीं नळीला सुमारें दीड मिलिमीटरचें बारीक भोंक असतें. वाटींतलें रंजक पेटलें कीं त्याची झळ या भोंकांतून आंत जाऊन मुख्य दारू पेटते. भोंक बुजलें असलें तर नुसतें रंजक उडतें व बार होत नाहीं.

पहिला बार कोणीही बंदूक खांद्याला लावून काढूं नये. इंग्लंडांत नळ्यांची कसोटी घेण्याचा अधिकार कायद्यानें नेमलेल्या गृहांना आहे. बर्मिंगहॅमचें असें गृह १८१३ च्या कायद्यानें सुरू झालें. तेथें नेहमींपेक्षां मोठा भार घालून नळी तपासतात व मगच तिच्यावर शिक्का मारतात. अमेरिकेंत अशी सक्ती नसल्यामुळें कारागीर स्वतःच ही काळजी घेतात. बंदूक मोटारीच्या जुन्या टायरला घट्ट बांधतात, तोंड मातीच्या बांधाकडे ठेवतात, आणि लांबून, आडोशाच्या मागून, चापाला बांधलेली दोरी ओढतात. नंतर नळीचें बूड, भोंक व लांकूड बारकाईनें न्याहाळतात. कोठेंही तडा किंवा धुराचा डाग आढळला नाहीं, म्हणजे मग बंदूक हातीं घेण्याला हरकत नाहीं.

दारूविषयीं एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या बंदुकींत फक्त काळी दारू, किंवा खास तिच्याच ऐवजीं वापरण्यासाठीं केलेली दारू, घालावयाची. काळी दारू म्हणजे शंभर भागांत सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक. १८८४ सालीं व्येय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू शोधून काढली. ती दिसायला निरुपद्रवी असली तरी तिचा दाब इतका चढतो कीं ठासणीच्या नळीच्या चिंधड्या होऊं शकतात. काळ्या दारूचे बारीक-जाड असे कण असतात. लहान तोंडाला बारीक कण व मोठ्या तोंडाला जाड, असा साधारण प्रघात आहे. ती मापतात ग्रेनमध्यें. एका पौंडांत सात हजार ग्रेन होतात.

आतां आपण मैदानावर आलों आहों. डोळ्यांवर चष्मा आहे, कानांत बोळे आहेत. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकली आहे, म्हणजे हाताचा कंप बंदुकीच्या माथीं बसणार नाहीं. निशाणाचा कागद प्रथम पंचवीस यार्डांवर लावला आहे. भोंकांतून आडवी ज्वाला निघते, म्हणून त्या बाजूला कोणी उभें नाहीं. शिंगांतली दारू आधीं मापांत ओतावी व मापांतून नळींत. शिंगांतून थेट नळींत कधींही ओतूं नये. आदल्या बाराची एखादी ठिणगी आंत धुमसत असली, तर मापांतली चिमूटभर दारू भडकेल. पण शिंग नळीला लागलें असेल तर सबंध शिंगच हातांत फुटेल. नंतर चिंधी व गोळी तोंडावर ठेवून लहान दांड्यानें आंत ढकलावी, आणि मग गजानें एका दमांत पण न आपटतां दारूवर टेकवावी. प्रत्येक वेळीं दाब सारखा असावा. खूण पाहावी. रंजक मात्र अगदीं शेवटीं, तोंड निशाणाकडे झाल्यावरच घालावें.

चाप ओढला आणि बार झाला नाहीं, तर बंदूक लगेच खालीं घेऊं नये. आंत दारू धुमसत असण्याचा संभव असतो; म्हणून तोंड निशाणाकडेच रोखून निदान मिनिटभर थांबावें. बार झाला तरीही लगेच डोळा काढूं नये. चकमकीच्या बंदुकींत चाप, ठिणगी, रंजक व दारू अशा चार पायऱ्या असल्यामुळें क्षणाचा विलंब होतो, आणि तेवढ्यांत नेम हललेला असतो.

प्रत्येक बारानंतर नळी पुसणें हा या कामाचा कंटाळवाणा पण अटळ भाग आहे. काळ्या दारूचा जळून वायु होतो तो अर्ध्याहून कमी. उरलेली राख व क्षार होऊन धुरांत जाते आणि नळीच्या अंगाला चिकटते. हा थर वाढला कीं पुढली गोळी अडते, शिवाय प्रत्येक बार निराळ्या नळींतून काढल्यासारखा होतो. म्हणून ओलसर फडकें एकदां आणि कोरडें एकदां फिरवून नळी पहिल्यासारखी करावी. तुलना करावयाची ती सारख्या स्थितींतच.

चिंधीला वंगण लागतें तेंही याच राखेमुळें. ती मऊ राहिली तर गोळी सहज उतरते. हीच गरज आपल्या इतिहासांत एकदां फार मोठी होऊन बसली. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक हीही खाचांच्या नळीची, तोंडाकडून भरावयाची रायफल होती. तिच्या कागदी काडतुसाला गोळीच्या बाजूस चरबीचें वंगण असे, आणि काडतूस दातांनीं फाडण्याची कवायत होती. ही चरबी गाईची व डुकराची आहे, ही बातमी १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळच्या डमडम येथें पसरली. त्या वर्षींच्या उठावाचीं कारणें अनेक व खोल होतीं. परंतु ठिणगी पडली ती या वंगणावर. आजचे नेमबाज वंगणासाठीं वनस्पतितेल, मेण किंवा साबणाचें पाणी वापरतात.

आतां या पारखीचा गाभा. बार झाला कीं नवशिका निशाणाकडे धांवतो, आणि जाणता माणूस जमिनीकडे पाहतो. नळीबाहेर पडतांच चिंधी गोळीपासून सुटते व दहा-पंधरा पावलांवर गवतांत पडते. मैदानावर सर्वांनीं बंदुका खालीं ठेवल्याची सूचना झाली, कीं पुढें जाऊन ती शोधावी. धुमसत असेल तर विझवावी, कारण उन्हाळ्यांत गवत पेटावयाला तेवढें पुरतें. मग ती तळहातावर पसरून वाचावी. वाचावी असेंच म्हणतों, कारण नळीच्या आंत क्षणार्धांत काय घडलें याची हकीकत तिच्यावर उमटलेली असते. चिंधी गोल व अखंड आहे, मधोमध काळसर वर्तुळ आहे, भोंवतीं खाचांचे पुसट ठसे आहेत, आणि फक्त कडा विसकटल्या आहेत, म्हणजे सर्व ठीक. अशी चिंधी पुन्हां वापरतां येईल इतकी शाबूत असते. मध्यभागीं ती जळून भोंक पडलें असेल, तर तप्त वायु बाजूनें निसटत आहेत. कापड पातळ आहे, गोळी लहान आहे, किंवा वंगण कमी पडतें आहे. आणि जळल्याची खूण नसतां ती सुरीनें चिरल्यासारखी नियमित फाटली असेल, तर दोष धारेचा. एकतर तोंडाची कडा तीक्ष्ण राहिली आहे व गोळी घालतांनाच कापड कापलें जातें, किंवा आंतले कंगोरे अजून धारदार आहेत.

नव्या नळींत ही शेवटची खूण वारंवार आढळते. खाचा पाडणाऱ्या हत्यारानें कंगोऱ्यांच्या कडांवर सूक्ष्म धार ठेवलेली असते. तोंडाच्या कडेवरचा उपाय सोपा: बारीक पॉलिशकागद अंगठ्याखालीं धरून तोंडावर गोल फिरवावा व कड मऊ करावी. आंतल्या धारेला मात्र घाई उपयोगी नाहीं. शेंपन्नास गोळ्या चिंधीसह जातां जातां ती आपोआप झिजते, आणि पहिल्या दिवशीं चिंध्यांचे तुकडे करणारी नळी कांहीं आठवड्यांनीं त्यांना अखंड बाहेर टाकूं लागते. पहिल्याच दिवशीं नळी वाईट ठरवून ती कापून किंवा खरवडून टाकण्याची बुद्धि होणें हाच मोठा धोका. कारण काढलेलें लोखंड परत लावतां येत नाहीं.

चिंध्या नीट येऊं लागल्या कीं दारूचें प्रमाण शोधावें. अर्धा इंच तोंडाला पन्नास ग्रेन, म्हणजे सुमारें सव्वातीन ग्रॅम, येथून आरंभ करण्याची रीत आहे. या भारानें पांच बार काढावे. नंतर पंचावन्न, मग साठ. पांच-पांच ग्रेननीं चढत जावें, आणि नळी घडविणारानें सांगितलेली मर्यादा कधींही ओलांडूं नये. प्रत्येक भाराला नवा कागद व त्यावर तारीख, भार, चिंधीची जाडी, वंगण व हवा यांची नोंद. गोळ्या मध्यबिंदूवर लागल्या कीं नाहीं, हें या वेळीं पाहावयाचेंच नाहीं. त्या एकमेकींच्या किती जवळ आहेत, एवढेंच पाहावें. एखाद्या भाराला पुंजका आंवळून येतो व त्यापुढें पुन्हां विसकटूं लागतो. त्या नळीला तोच भार मानवला असें समजावें. आणि सर्वांत कठीण नियम हा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दारू बदलली तर चिंधी तीच ठेवावी. चिंधी बदलली तर दारू तीच. दोन गोष्टी एकदम बदलून पुंजका सुधारला, तरी कोणत्या गोष्टीनें सुधारला हें कळत नाहीं. आणि बिघडला तर दोष कोणाचा हेंही कळत नाहीं.

एवढें झाल्यावरच कानस हातीं घ्यावी. शहाणा कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतो. म्हणून नवी बंदूक बहुधा खालीं मारते. माशी कानशीनें घासून उतरविली कीं गोळी वर चढते. किती घासावी याचा हिशेब शाळेंतल्या त्रैराशिकाचा आहे. माशी व मागची खाच यांतील अंतर ९० सेंटिमीटर, आणि निशाण ४५ मीटरांवर, म्हणजे पन्नासपट दूर, असें समजा. गोळ्यांचा पुंजका १० सेंटिमीटर खालीं लागत असेल, तर त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे २ मिलिमीटर, माशी कमी केली पाहिजे. परंतु एकदम दोन मिलिमीटर घासूं नये. एक घासावा, पुन्हां पांच बार काढावे, आणि मग पुढें जावें. डावी-उजवीकडची चूक असेल तर गोळी जिकडे चुकते तिकडेच माशी किंचित् सरकवावी. नवख्याला हें उलटें वाटतें. पण कागदावर दोन रेघा काढून पाहिल्या कीं पटतें. दारूचा भार ठरण्यापूर्वींच माशी घासली, तर पुढें भार बदलतांच पुंजका जागा बदलतो व सगळी मेहनत व्यर्थ जाते.

संध्याकाळीं घरीं परतल्यावर, कितीही थकवा आला असला तरी, नळी त्याच दिवशीं धुवावी. राखेंतले क्षार हवेंतला ओलावा ओढून घेतात, आणि गुळगुळीत होऊं लागलेली नळी एका रात्रींत गंजूं लागते. यावर उपाय मात्र घरगुती आहे. ते क्षार पाण्यांत विरघळतात. म्हणून कढत पाणी, थोडा साबण, कोरडें फडकें व शेवटीं तेलाचा हात एवढ्यानें काम होतें.

श्रोतेहो, आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही कायद्यानें परवाना लागतो. आणि माझें भाषण ऐकून कोणी बंदूक घडवावयास बसावें, असा माझा आग्रहही नाहीं. परंतु नवी शिलाईची कळ, नवें वाद्य, नवी चूल, यांच्याशीं आपला रोज संबंध येतो. आणि पहिल्याच दिवशीं मनासारखें झालें नाहीं कीं आपण एकदम चार ठिकाणीं हात घालतों. त्या कारागिराच्या वहींत पहिल्या पानावर वेडेवांकडे पुंजके व चिरलेल्या चिंध्यांची नोंद असते. विसाव्या पानावर पांच गोळ्यांचीं भोंकें एका रुपयाखालीं झांकतात. मधल्या पानांवर प्रत्येक दिवशीं एकच बदल लिहिलेला असतो, आणि बदल फुकट गेला असेल तर तेंही लिहिलेलें असतें. ती बंदूक पुढें दुसऱ्या कोणाच्या हातीं गेली, तर तिच्याबरोबर ही वहीही देण्याचा प्रघात पडावा असें मला वाटतें.